इंग्रजीतला खाऊ शिकवायला सुरवंटाचीच गोष्ट कशाला?

खडूवाली
जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवते. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आणि खाण्यापिण्याचे शब्द म्हणजे भिंतीवरचा तक्ता हे तेव्हापासून ठरूनच गेलं. त्यापेक्षा गोष्टीतून शिकवा, असं आता सगळेच सांगतात. मलाही ते पटतं. पण गोष्ट म्हटली की हमखास एकच पुस्तक पुढे येतं, एरिक कार्लचं १९६९ सालचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’. अंड्यातून निघालेला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, मग तीन प्लम, चार स्ट्रॉबेरी, पाच संत्री. शनिवारी चॉकलेट केक, सलामी, सॉसेज (दोन्ही मांसाचे), चेरी पाय असे दहा पदार्थ हाणतो आणि रात्री पोट धरून बसतो.

पुस्तक देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या वर्गातली पोरं शाळेत खिचडी खातात आणि घरी भाकरी-कालवण. प्लम, सलामी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. जे तोंडात कधी गेलं नाही त्याचं नाव तोंडात किती दिवस राहणार? माझं म्हणणं, हे बाजूला ठेवा आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ इंग्रजीतून सांगा. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ-कोल्हे अडवतात, ती सगळ्यांना तेच उत्तर देते. गोष्ट पोरांना आधीच पाठ असते, म्हणजे सगळं लक्ष नव्या शब्दांकडे.

चिंचबोरं
साफ असहमत. भोपळ्याच्या गोष्टीत खाणं आहेच किती? तूपरोटी. तीही म्हातारी पुढे खाणार असते, आपल्याला दिसत नाही. खाऊचे शब्द शिकवायला ती गोष्ट घेणं म्हणजे नदी नसलेल्या गावात पोहण्याचा क्लास काढणं.

सुरवंटाचं पुस्तक चालतं ते त्याच्या बांधणीमुळे. पहिले पाच दिवस सगळी मोजता येणारी फळं आहेत. वन ॲपल, टू पेअर्स, थ्री प्लम्स. अनेकवचन न शिकवताच कानात बसतं. आता खिचडी, वरण, भात, कालवण घ्या आणि मोजून दाखवा. थ्री राइसेस? मग शनिवारी लेखक वन पीस ऑफ, वन स्लाइस ऑफ आणतो. आधी नग, मग तुकडे. हा क्रम सहा वर्षांच्या मुलासाठी अचूक आहे. शिवाय शुक्रवारपर्यंत रोज तेच वाक्य येतं, ‘बट ही वॉज स्टिल हंग्री.’ तिसऱ्या दिवसापासून वर्ग ते तुमच्या आधी म्हणतो. सलामी विसरली तर विसरू दे ना.

वाईकर
स्ट्रॉबेरी परक्यांच्या यादीत टाकू नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्याकडच्या पोरांच्या घरी तिचे वाफे असतात. आणि संत्रं नागपूरच्या पोरांना कुणी शिकवायचं? मुलाचा अनुभव, मुलाचा अनुभव म्हणताना सगळा महाराष्ट्र एकाच ताटात जेवतो असं धरून चालतो आपण.

मधली सुट्टी
पालक म्हणून एक शंका. सलामी आणि सॉसेज म्हणजे काय, असं मुलांनी विचारलं की गुरुजी काय सांगतात? आमच्या गावात त्यावरून शाळेच्या दारात माणसं जमतील. बाकी चालू द्या.

कपाशी
यवतमाळकडचा शिक्षक. तुम्ही सगळे पदार्थांवर भांडताय, आमच्याकडे घोडं सुरवंटापाशीच अडतं. कापसाच्या घरच्या पोराला अळी म्हणजे बोंडअळी. चित्र दाखवलं की पहिला प्रश्न, ‘सर, फवारलं नाही का?’ दहा पदार्थ खाऊन अळीचं पोट दुखलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. पण शब्द आले हो. ज्याच्यावर राग आहे तो काय काय खातो हे पोरं फार बारकाईने ऐकतात. तेव्हा चिंचबोरं यांच्या बाजूने एक मत, कारण वेगळं.

खडूवाली
@चिंचबोरं, मोजायचंच असेल तर केळी, पेरू, चिकू, सीताफळं, बोरं आहेत की. वन गुआव्हा, टू बनानाज. आणि शनिवारसाठी आमचा आठवडी बाजार पुरेसा आहे. अ प्लेट ऑफ भजी, अ ग्लास ऑफ शुगरकेन ज्यूस, अ पॅकेट ऑफ बिस्किट्स, अ स्लाइस ऑफ वॉटरमेलन. पोरगं हे रविवारी आत्याला सांगू शकतं. चेरी पाय कुणाला सांगणार?

@कपाशी, टाळ्यांचं वाचून हसले. पण म्हणूनच म्हणते, नायक आपला असू दे.

चिंचबोरं
म्हणजे वार तेच, आकडे तेच, शनिवारची चैन तीच. सांगाडा पुस्तकाचाच ठेवलात, फक्त फळं बदललीत! मग विरोध कशाला होता?

आणि पुस्तकात जे खरं आहे तेच यात निसटतंय. सुरवंट सलामी खात नाही हे मुलाला माहीत असतं, म्हणून ते हसतं. रविवारी तो एक हिरवं पान खातो आणि त्याला बरं वाटतं. पोरगं बाजारात भजी खातं यात हसण्यासारखं काय? ती गोष्ट राहत नाही, दुकानाची यादी होते. आणखी एक. पानांना पडलेल्या भोकांतून मुलं बोट घालतात, ते बोट घालणं अर्धा धडा आहे. पीडीएफ भिंतीवर लावून हे होत नाही, आणि बहुतेक शाळांत तेच चालतं.

वाईकर
भोकांसाठी पुस्तकच हवं असं नाही. जुन्या वहीचे पुठ्ठे, त्यांवर मुलांनी काढलेली फळं आणि पंचिंग मशीन. मुलांना भोकं पाडायला दिली की वर्ग शांत बसतो, हा वरचा फायदा. आयती गोष्ट हवी असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून मोफत आहे. तिथल्या गोष्टी आपल्या भाषेत बदलून घेण्याचीही मुभा आहे.

खडूवाली
चैन तीच नाही, @चिंचबोरं. पुस्तकातला शनिवार माझ्या पोरांना चित्रातच बघावा लागतो, बाजारातला त्यांनी खाल्लेला असतो. पण हसण्याचा मुद्दा सोडवत नाही मला. म्हणून म्हातारीलाच लेकीकडे आठवडाभर ठेवते. जाताना वाघाला सांगितलेलंच असतं, लठ्ठ होऊन येते म्हणून. सोमवारी एक पेरू, मंगळवारी दोन केळी, शनिवारी सगळा बाजार. दर रात्री पोरं विचारतील, ‘आर यू फॅट नाऊ?’ आणि म्हातारी म्हणेल, ‘नॉट येट!’ वाघ वाट बघतोय, म्हणजे गोष्टही शिल्लक राहते.

कपाशी
हे करा आणि कळवा. फक्त वाघ कोण होणार यावरून मारामारी होईल, तेवढं आधीच ठरवून ठेवा.

मधली सुट्टी
आणि बाजारातल्या भज्यांचे पैसे शाळेच्या कुठल्या अनुदानातून?