अनुभव धागा: बसायची बाटली, मिसळायची बाटली आणि द्यायची बाटली

मेव्हण्याची पन्नाशी होती, म्हणून बाटली घ्यायला गेलो. वाइन शॉप नेहमीचंच (वाइन सोडून बाकी सगळं मिळतं ते). लोखंडी जाळी, मागून चार हात माझ्या खांद्यावरून नोटा पुढे सरकवतायत, आतला माणूस "बोला साहेब, काय देऊ?" म्हणतोय. अशा वेळी डोकं चालत नाही. "जरा चांगलं काहीतरी" एवढंच तोंडातून निघालं. त्याने स्टुलावर चढून वरच्या फळीवरची खोक्यातली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) काढली, फडक्याने धूळ पुसली आणि माझा खिसा हलका झाला. रात्री मेव्हण्याने ती माझ्या डोळ्यांदेखत कोकमध्ये ओतली. कोक ग्लासच्या काठापर्यंत. दोष त्याचा नाही, तो वीस वर्षं तसाच पितो. मी बाटली बघितली, माणूस बघितला नाही.

तेव्हापासून दुकानात जायच्या आधीच ठरवतो: ही घोट घोट प्यायची, सोड्या-कोकात जायची की कुणाच्या हातात द्यायची? तुम्ही कसं ठरवता? ब्रँडची नावं सांगाच, पण कुठे फसलात तेही लिहा. पंचविशीच्या आतल्यांनी नुसतं वाचावं, महाराष्ट्रात कायदा तसा आहे.

खारेदाणे
साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बावीस वर्षं काढलीत, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडच्या स्वस्त आणि मधल्या दराच्या बहुतेक व्हिस्कीचा पाया ईएनए असतो, म्हणजे जवळजवळ बिनवासाचं शुद्ध स्पिरिट. ते मळीपासून निघतं किंवा धान्यापासून. त्यात थोडी माल्ट, कधी थोडी स्कॉच, रंगाला कॅरॅमल, आणि पाणी घालून अल्कोहोल ४२.८ टक्क्यांवर आणलं की झाली बाटली. मळीच्या स्पिरिटपासून केलेल्याला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, कारण तिकडे धान्य हवं आणि लाकडी पिंपात तीन वर्षं हवीत. याचा अर्थ आपलं ते विष असा नाही. आम्ही ईएनए तपासताना दोन थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचो. स्पिरिट उडून गेलं की हात नाकाशी न्यायचा. चांगल्या मालात मागे काही उरत नाही. कच्च्या मालात मळीचा कुबट गोडसर वास राहतो, आणि तो वास नवीन पोरांना दिवसभर जेवू द्यायचा नाही.

पण ज्यात मुळात वास नाही, त्यात चव कुठून येणार? म्हणून कोक-थम्सअपात घालायची असेल तर धान्याच्या स्पिरिटची देशी ब्लेंड घ्या, उगाच पैसे जाळू नका. नुसती प्यायची असेल तर लेबल उलटून वाचा. 'ब्लेंडेड स्कॉच' आणि 'ब्लेंडेड विथ स्कॉच' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत सगळी स्कॉच, दुसरीत शिंतोडा. आणि रंग बघून तर अजिबात घेऊ नका, कॅरॅमल स्कॉचमध्येही चालतं.

माझी घरची बाटली टीचर्स. स्कॉटलंडहून माल घाऊक येतो आणि बाटल्या इथे भरल्या जातात, म्हणून त्याच तोलाच्या तिकडून भरून आलेल्या बाटलीपेक्षा खिशाला बरी पडते. धुराचा हलका वास आहे. पाण्याबरोबर चव उघडते.

एकच_पेग
ठाणे. बाई आहे, आधीच सांगते, कारण दुकानात मला अजूनही "मॅडम, रेड वाइन की व्हाइट?" असंच विचारतात.

व्हिस्की मला चाळिशीपर्यंत आवडायचीच नाही, कारण मिळाली ती प्रत्येक वेळी ऑफिसच्या पार्टीत, कोमट, प्लॅस्टिकच्या ग्लासात. मग कामानिमित्त तोक्योला गेले. तिथल्या छोट्या खानावळींत लोक कामावरून सुटले की उंच ग्लासात व्हिस्की-सोडा पितात, त्याला हायबॉल म्हणतात. काकुबिन नावाची त्यांची १९३७ पासूनची साधी व्हिस्की, काठोकाठ बर्फ, सोडा, लिंबाची साल. संपली मिरवणूक. बरोबर तळलेलं चिकन. मला कोळीवाड्याची आठवण आली.

घरी येऊन बरेच प्रयोग केले. शिकलेलं एवढंच: ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ भरपूर घाला, थोडा घातला तर लवकर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. व्हिस्की ४५ मिली, सोडा त्याच्या तिप्पट ते चौपट. सोडा नवीन बाटलीतला, फ्रीजमधला. कालच्या अर्ध्या बाटलीतला सोडा म्हणजे शिक्षा. चमचा एकदाच खालून वर. आपलं लिंबू पिळू नका, सरबत होतं. नुसती सालीची चकती ग्लासवर मुरडायची.

यात महागडी सिंगल माल्ट वाया जाते. ब्लॅक अँड व्हाइट किंवा खारेदाणे म्हणतात ती टीचर्स, दोन्ही छान लागतात. धुराची असेल तर सुरमईच्या तळलेल्या तुकडीबरोबर बघा.

धागाकर्ता
@एकच_पेग, सोड्याचं अगदी पटलं. आमच्याकडे गटारीला अर्धी उरलेली सोड्याची बाटली दिवाळीपर्यंत फ्रीजच्या दारात असते.

नळकांडं
भेट द्यायच्या बाटलीचा अनुभव. सासरे निवृत्त, शिस्तीचे. शनिवारी एक क्वार्टर, ठरलेला ब्रँड, ठरलेलं दुकान, बरोबर भाजलेले दाणे आणि कांदा. त्यांच्या पंच्याहत्तरीला मी भारावून अमृत फ्युजन नेली. भाषणही दिलं: बंगळुरूची कंपनी, २००४ साली थेट ग्लासगोत जाऊन सिंगल माल्ट विकायला काढली, फ्युजनमध्ये आपलं बार्ली आणि स्कॉटलंडचं धुरावर वाळवलेलं बार्ली, ५० टक्के ताकद. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. बाटली शोकेसमध्ये गेली, कॅरमच्या ढालीशेजारी.

तीन वर्षं झाली. सील तसंच. खोकं सासूबाईंनी उदबत्त्यांना घेतलंय, आता त्याला मोगऱ्याचा वास येतो. दर शनिवारी क्वार्टर चालूच.

यंदा मी त्यांच्याच ब्रँडचा खंबा आणि दोन किलो घुंगरू शेंगा नेल्या. जेवायला थांबवून घेतलं मला!

मोती_तलाव
सावंतवाडी. गोव्याचा विषय निघणारच, तर मीच काढतो.

गोव्यात अबकारी कर कमी, त्यामुळे तीच बाटली स्वस्त. म्हणून लग्नासाठी आठ बाटल्या डिकीत टाकल्या, वर आंब्याच्या दोन पेट्या. पत्रादेवीची सीमा ओलांडली, पुढे नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. त्या माणसाने आंब्याला हातही लावला नाही, सरळ पेट्या उचलून बाजूला ठेवल्या. म्हणाला, "मे महिन्यात गोव्यातून सिंधुदुर्गात आंबे कोण नेतं?" बाटल्या गेल्या, दिवस गेला, पुढचे हेलपाटे वेगळेच. गोव्यात विकायची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि ती गोव्यातली आहे हे लेबलवरच छापलेलं असतं. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून नियम: गोव्याची गोव्यातच प्यायची. कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांची निर्वाणा ४० टक्क्यांची, गोडसर, सिंगल माल्ट कधीच न घेतलेल्याला सुरुवातीला बरी. ब्रिलियन्स ४६ टक्के, ती मात्र पाण्याचे थेंब मागते. मी चमच्याने घालतो, पाच-सहा थेंब, मग दोन मिनिटं थांबायचं. आधी नाकाला नुसतं स्पिरिट झोंबतं, मग मधासारखं काहीतरी वर येतं.

(आणि हो, उरलेले पैसे उर्राकात (काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूत) घालवा, पण तो धागा वेगळा.)

खारेदाणे
@मोती_तलाव, थेंबांचं अगदी बरोबर. आपल्याकडच्या सिंगल माल्टवर वय लिहिलेलं सहसा नसतं, म्हणून लोक नाक मुरडतात. पण बंगळुरूच्या हवेत पिंपातलं वर्षाला दहा-बारा टक्के उडून जातं, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के. तिकडच्यासारखं बारा वर्षं ठेवायचं म्हटलं तर पिंपाच्या तळाशी काय उरणार? उष्णतेत लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. तेव्हा वयाचा आकडा नाही म्हणून बाटली परत ठेवू नका. आणि स्कॉचवरचा 'बारा वर्षं' हा आकडा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, हेही लक्षात असू द्या.

जर्सीवासी
न्यू जर्सी. इथे आल्यावर सुरुवातीची दोन वर्षं मी स्कॉचच शोधत होतो, कारण भारतात असताना 'स्कॉच' म्हणजे प्रतिष्ठा. दुकानातल्या म्हाताऱ्याने एकदा सरळ सांगितलं की घरच्या अंगणातलं सोडून बाहेरचं कशाला पितोस. तेव्हा बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, घेतली. निम्म्याहून जास्त मका, आतून जाळलेलं कोरं करकरीत ओकचं पिंप. त्यामुळे व्हॅनिला, जळक्या गुळासारखा गोडवा. आपल्या जिभेला लगेच जमतं.

स्वस्तात चांगली ओळखायची इथली एक खूण: लेबलवर 'बॉटल्ड इन बाँड' शोधा. हा १८९७ चा कायदा आहे. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची अशी आहे, खिशाला काहीच लागत नाही. वाइल्ड टर्की १०१ बाँडमधली नाही, पण मिसळायला तिच्यासारखी नाही. बर्फ वितळला तरी चव टिकते. गूळ, अँगोस्टुरा या कडू अर्काचे दोन थेंब, संत्र्याची साल घालून ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करतो. गूळ आधी चमचाभर पाण्यात विरघळवून घ्या, नाहीतर खाली खडा बसतो.

भारतात येताना प्रत्येकी दोन लिटर कर न भरता आणता येते. मी पुण्यात सहज मिळते ती स्कॉच कधीच आणत नाही, तिथे न दिसणारी बर्बन आणतो. मोजे बाटलीवर चढवायचे, मग जीन्सच्या पायात घालायची. आजवर एकही फुटलेली नाही. फुटला तो लोणच्याचा परतीचा डबा.

गोटी
फसल्याचा अनुभव हवा होता ना, घ्या.

साहेबांच्या बढतीला द्यायची म्हणून जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल स्कॉच हवी होती. ऑफिसातल्या एकाच्या 'ओळखीचा माणूस' होता, एअरपोर्टचा माल, दुकानापेक्षा बऱ्यापैकी कमी. बाटली खरी, खोकं खरं, लेबल खरं. साहेबांनी सगळ्यांसमोर उघडली. ओतायला गेले तर धार भळकन आली. अशा बाटल्यांच्या तोंडात बहुधा गोटीचं बूच असतं, म्हणून माल गुडगुड करत बेताने येतो. हे बूच कुणीतरी उचकटून परत बसवलेलं होतं, कडेला बारीक ओरखडे. चव म्हणाल तर खारेदाण्यांच्या तळहातावर शेवटी राहणारी ती. साहेब काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

रिकाम्या स्कॉचच्या बाटल्या भंगारात चांगल्या भावाने का जातात, ते तेव्हा कळलं. आता मी बाटली संपली की लेबल खिळ्याने खरवडतो, बूच मोडतो, खोकं फाडतो. बायको म्हणते, प्यायल्यावर तू हिंसक होतोस.

बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. भेटीची तर नक्कीच.

आजीव_परवाना
थोडं रुक्ष. प्यायला परवाना लागतो हे विसरू नका: एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आजीव १,००० रुपये. मी आजीव काढलाय, घरात माझं एवढं एकच प्रमाणपत्र फ्रेम करण्यालायक आहे.

दराबद्दल: राज्याने २०२१ च्या नोव्हेंबरात परदेशातून येणाऱ्या स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं. उलट जून २०२५ मध्ये इथे बनणाऱ्या 'विदेशी' मद्यावरचं शुल्क चांगलंच चढवलं. त्यामुळे वरच्या देशी ब्लेंड आणि खालच्या स्कॉच यांच्यातलं अंतर आता फार उरलेलं नाही. थोडे पैसे घालून स्कॉचवर जायचं की खाली उतरायचं, हा हिशेब दुकानासमोर उभं राहून पुन्हा करा, जुना आकडा धरून जाऊ नका. ब्रिटनबरोबरच्या २०२५ च्या करारात आयात कर १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार असं ठरलंय. त्याच्या भरवशावर आजचा शनिवार कोरडा ठेवू नये.

नळकांडं
@आजीव_परवाना, शनिवार कोरडा ठेवायचा विषय सासऱ्यांसमोर काढून बघा एकदा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, बरंच टिपून घेतलंय. कालच मेव्हण्याकडे गेलो होतो. या वेळी टीचर्स नेली, सोड्याच्या चार लहान बाटल्या, आणि @एकच_पेग यांच्या पद्धतीने ग्लास तासभर आधी त्यांच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीवर आडवे ठेवले. बर्फ काठोकाठ. लिंबाची साल मुरडली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या, "कसला वास सुटलाय एवढा छान?"

मेव्हण्याने पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. ग्लास दिव्याकडे धरून बघितला.

"मस्त आहे रे," म्हणाला. "थोडा कोक घालू का यात?"