सबडोमेनच्या मेलसाठी वाइल्डकार्ड एमएक्स: सोय की सापळा?

ठिपका:
ज्या सबडोमेनवर मेल हवी त्याची एमएक्स नोंद (त्या नावाची मेल कोणत्या सर्व्हरवर न्यायची हे सांगणारी डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतली ओळ) नाव घालून लिहावी, असं माझं मत झालंय. तारांकन (वाइल्डकार्ड) टाकून "सगळ्यांची मेल इकडे" म्हणणं हा आळस, आणि तो मी स्वतः चार वर्षं केला.

आमच्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) ए (नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) आणि एमएक्स दोन्ही वाइल्डकार्डवर होते. सपोर्ट या सबडोमेनची मेल नीट यायची, पण मधूनच एखाद्या पहाटे दोन-चार मेल पाठवणाऱ्याकडे परत जायच्या, "सर्व्हर सापडला नाही" म्हणून. आम्ही तपासेपर्यंत सगळं ठीक. लॉगमध्ये काही नाही, कारण मेल दारापर्यंत आलेलीच नसायची. उलगडा व्हायला सहा महिने लागले. सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. स्क्रिप्ट दर ६० दिवसांनी ते नवं करायची आणि पडताळणीसाठी सपोर्टच्या खाली एक टीएक्सटी (नुसत्या मजकुराची) नोंद तात्पुरती टाकायची. खाली नोंद आली की वरचं नाव अस्तित्वात आहे असं धरलं जातं, आणि अस्तित्वात असलेल्या नावाला वाइल्डकार्ड लागू होत नाही. २००६ च्या आरएफसी ४५९२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) हे स्वच्छ लिहिलंय, वाचतो कोण? नोंद पुसल्यावरही "नाही" हे उत्तर रिझॉल्व्हरांच्या (नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरांच्या) कॅशमध्ये काही काळ उरतंच.

रात्रपाळी:
दुखणं स्क्रिप्टचं आणि शिक्षा वाइल्डकार्डला? आम्ही प्रत्येक ग्राहकाला स्वतःचं सबडोमेन देतो, तिकिटांची मेल त्यावरच येते. नावागणिक नोंद ठेवली तर मेल सेवा बदलताना शेकडो ठिकाणी हात घालायचा, आणि एखादं राहणारच. वाइल्डकार्डची एक ओळ बदलली की काम झालं.

ठिपका:
ग्राहकांची नावं एका वेगळ्या सबडोमेनखाली असतील तर तिथे तारांकन चालेल, एवढं मान्य. पण थेट मुख्य डोमेनखाली नको. शिवाय कोणत्या डोमेनची मेल घ्यायची हे तुमच्या मेल सर्व्हरला सांगावं लागतंच ना? नाहीतर परक्याची मेल समजून तो ती नाकारतो. म्हणजे यादी आहेच. त्याच यादीतून स्क्रिप्टने नोंदी काढा.

रात्रपाळी:
यादी नाही, पॅटर्न आहे. ग्राहक रोज वाढतात.

शंकासुर:
मी सगळ्या सबडोमेनना मुख्य डोमेनकडे सीनेम (हे नाव म्हणजे तेच नाव, असं सांगणारी नोंद) लावतो, एमएक्स आपोआप मिळतो. चुकतंय का?

एकदाचा अॅडमिन:
त्या नावावर दुसरं काही नको असेल तोवर चालतं. सीनेमशेजारी टीएक्सटी बसत नाही, त्यामुळे उद्या वार्तापत्रासाठी वेगळा एसपीएफ (या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणारी टीएक्सटी नोंद) लागला की अडलात. आणि एमएक्सचं लक्ष्य स्वतः सीनेम नको. आरएफसी २१८१ ने १९९७ पासूनच ते मना केलंय.

पण तुम्ही दोघंही जिथे मेल नकोच आहे ती सबडोमेन विसरलात. एमएक्स नसला की पाठवणारा सर्व्हर ए नोंदीकडे वळतो. तिथे वेबसाइट असते, पोर्ट २५, म्हणजे मेल घेण्याचं दार, फायरवॉलने बंद. मग तो चार-पाच दिवस प्रयत्न करत बसतो आणि तेव्हा कुठे मेल परत जाते. शून्य एमएक्स लावा: प्राधान्य ०, लक्ष्य नुसता ठिपका (धागाकर्त्याने राग मानू नये). २०१५ ची आरएफसी ७५०५. ती मानणारा सर्व्हर मेल लगेच परत करतो.

रात्रपाळी:
प्रत्येक वेबसाइटच्या नावावर ही नोंद? अति होतंय. मुख्य डोमेनच्या डीमार्कमध्ये (खोट्या मेलचं काय करायचं हे सांगणाऱ्या नोंदीत) एसपी रिजेक्ट, म्हणजे सबडोमेनसाठी "नाकारा", ठेवला की सबडोमेनच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलचा बंदोबस्त होतो. पत्ता चुकवणाऱ्याने आपलं पाहून घ्यावं.

एकदाचा अॅडमिन:
पत्ता चुकवणारा बहुधा तुमचाच ग्राहक असतो हो. त्याला वाटतं तक्रार पोचली, आणि तो पाच दिवस उत्तराची वाट बघतो. शिवाय डीमार्कचं धोरण खाली उतरतं, एसपीएफ उतरत नाही. प्रत्येक नावाचा एसपीएफ वेगळा लिहावा लागतो.

ठिपका:
रात्रपाळी, एक करून बघा. ज्या ग्राहकांच्या नावाखाली डीकेआयएमची (मेलवरची सही तपासण्याची) किल्ली टाकली असेल, त्यांच्यावर डिग (नोंदी विचारण्याची कमांड) चालवून एमएक्स विचारा.

रात्रपाळी:
चालवलं. तशी दोनच नावं आहेत आणि दोन्हींना एमएक्स मिळत नाही. ए नोंद आहे, म्हणून मेल वेब सर्व्हरवर धडकत असणार. त्या दोघांना आत्ता नावाने नोंद दिली. बाकीच्यांचं वाइल्डकार्ड मात्र काढणार नाही.