रनवेच्या कडेला थांबवलं म्हणून वैमानिकाला शिव्या?

खिडकीची_सीट: कालपासून एक पोस्ट फिरतेय: "दिल्लीत उतरल्यावर रनवे ओलांडायला ताटकळत ठेवलं. समोर चिटपाखरू नाही! जमिनीवर कसली आलीये भीती?" अहो महाशय, विमानवाहतुकीतला सगळ्यात भीषण अपघात जमिनीवरच झाला. स्पेनचं तेनेरीफ बेट, १९७७. दाट धुकं, दोन जंबो, ५८३ बळी. एक रनवेवरूनच टॅक्सी करत (म्हणजे जमिनीवर हळू चालत) होतं, दुसरं परवानगीशिवाय उड्डाणाला सुटलं. तुम्हाला रिकामा दिसतो तो रनवे दुसऱ्या कुणासाठी तरी राखलेला असतो.

ठाणेकर_७०: झालं, काढली तेनेरीफ! तिथे जमिनीवरची विमानं दाखवणारं ग्राउंड रडारसुद्धा नव्हतं. आता आहे ना?

खिडकीची_सीट: टोकियोच्या हानेदा विमानतळावर सगळं होतं. २ जानेवारी २०२४. तटरक्षक दलाचं विमान परवानगी मिळाली समजून रनवेवर शिरलं आणि उतरणारं विमान त्यावर आदळलं. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा आला होता, तिथल्या नियंत्रकाच्या लक्षात आला नाही. उतरणाऱ्या विमानातले ३७९ जण वाचले, तटरक्षकचे ५ गेले. आणि तुमच्या त्याच दिल्लीत, ऑगस्ट २०२३? एकाला उड्डाणाची परवानगी, दुसऱ्याला तोच रनवे ओलांडायची! ओलांडणाऱ्या विमानाच्या कॅप्टन बाईंनी सावध केलं म्हणून निभावलं.

टॉवरमामा: आणि लटकतो कोण? नियंत्रक! जून २०२४ला मुंबईत एक विमान उठतंय तोच मागे त्याच रनवेवर दुसरं टेकलं. नियंत्रकाला ड्युटीवरून काढून मोकळे. दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच चालवायचा, त्यावर विमानांची रांग, हे कुणी बोलायचं? मिलानच्या लिनाते विमानतळावर २००१मध्ये छोटं विमान धुक्यात चुकीच्या टॅक्सीवेला (रनवेकडे नेणाऱ्या रस्त्याला) लागलं. वैमानिकाने जमिनीवरची खूण वाचून सांगितली, ती नियंत्रकाला माहीतच नव्हती. ग्राउंड रडार बंद. ते रनवेवर शिरलं, उड्डाण घेणाऱ्या विमानाशी टक्कर, ११८ गेले. करा आता एकट्या माणसाला दोषी.

सांताक्रूझची_सून: ते राहू द्या. टॅक्सी चालू असताना उठून लॉकर उघडणाऱ्यांचं काय? आमच्या विमानाने रनवेच्या तोंडाशी करकचून ब्रेक मारला आणि एका काकांची बॅग सासूबाईंच्या खांद्यावर. आत लोणच्याची बरणी!

ठाणेकर_७०: गुडघे धरतात हो आमचे. साठीनंतर कळेल.

सांताक्रूझची_सून: मग गुडघे चोळा बसून. लॉकर कशाला उघडता?

मुळशीचा_मी: काकाच का? मोबाइल कानाला लावून उभी राहणारी तरुण पोरं दिसत नाहीत वाटतं?

सांताक्रूझची_सून: पोरांच्या बॅगेत बरणी नसते.

टॉवरमामा: धागा रनवेचा आहे!!

मुळशीचा_मी: तुम्हीच युनियनची सभा भरवलीत आधी.

टॉवरमामा: रात्रपाळीला एकदा हेडसेट लावून बसा, मग बोला. इतक्यांदा रीडबॅक (वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवणं) ऐकल्यावर कान अपेक्षित तेच ऐकतात. म्हणून तर होल्ड शॉर्टला, म्हणजे रनवेआधी थांबायच्या रेषेवर, लाल स्टॉप बार (थांबा सांगणारे दिवे) हवेत, आणि ते चोवीस तास चालू हवेत.

खिडकीची_सीट: हे मान्य. मामांशी सहमत व्हावं लागेल असं वाटलं नव्हतं.

ठाणेकर_७०: बरं बाबा, थांबवा आम्हाला. पण वैमानिकाने माइकवर कारण सांगायला पैसे पडतात का?

टॉवरमामा: ओलांडायची परवानगी ऐकत असतो तो तेव्हा, काका. भाषण कधी देणार?

सांताक्रूझची_सून: लोणचं कैरीचं होतं. साडीवरचा डाग अजून आहे.