खाच-जिभेच्या फळ्या: सांध्यात फेविकॉल भरावा का?

प्रश्न (कोपरखैरणे): हॉलच्या भिंतीला पाइनच्या खाच-जिभेच्या फळ्या (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच, एकमेकींत बसणाऱ्या) लावतोय. सुतार म्हणतो, सांध्यात फेविकॉल भरू. भरू द्यावा का?

उत्तर (ठाणे, सुतारकाम करतो): अजिबात नको दादा! पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. सांधा चिकटवला की फळीला सरकायला जागा नाही, मग ती तडकते नाहीतर मधोमध उचलते. बारीक खिळा जिभेच्या मुळाशी तिरका मारा; पुढच्या फळीची खाच वर बसली की डोकं दिसत नाही. आत्ता मे महिन्यात सांधे ठोकून घट्ट करू नका, किंचित फट ठेवा. आणि फळीच्या पाठीलाही पॉलिश मारायला लावा, हे कोणी करत नाही याचं फार वाईट वाटतं.

उत्तर (ऐरोली): आधी भिंतीची ओल बघा.

प्रश्नकर्ता: पलीकडे बाथरूम आहे. उद्याच प्लंबर बोलावतो.