चाळीस तास बॅटरी आणि तासाभराचा व्यायाम: त्या कालच्या पोस्टला उत्तर

मोंढ्यावरचा (परभणी)
काल इथं कुणीतरी ज्ञान पाजळलं: "व्यायामाला कानातले बड्स घेताना दोनच गोष्टी बघायच्या, चाळीस तास बॅटरी आणि आयपीएक्स७. गळ्यात अडकवायचे नेकबँड आता फक्त काकालोक घालतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. गप बसणार होतो, पण भाचा तेवढं वाचून पैसे मागायला आला, म्हणून लिहितो.

चाळीस तास कुणाचे? चार्जिंगच्या डबीचे. कानातला बड पाच-सहा तास चालतो, बाकीचे तास डबी त्याला पुन्हा पुन्हा भरते त्याचे. तेही बहुतेक आवाज अर्ध्यावर आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) बंद ठेवून मोजलेले. जिममध्ये स्पीकर ढणढणत असताना अर्ध्या आवाजावर कोण ऐकतो? आणि तुम्ही व्यायाम करता तासभर. म्हणजे चार्ज किती तास पुरतो हा प्रश्नच नाही, वस्तू दुसरा उन्हाळा बघते का हा प्रश्न आहे.

आता आयपीएक्स७, म्हणजे पाणी झेलायचं रेटिंग. एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण साधं पाणी आणि कोरा माल. घामात मीठ असतं. घामेजलेला बड तसाच डबीत टाकला की चार्जिंगच्या त्या बारक्या पिनांवर ओलं मीठ आणि वरून वीज चालू. पिना काळ्या-हिरव्या पडतात, मग डावा चार्ज होतो, उजवा मेलेला. डबीला तर बऱ्याचदा पाण्याचं रेटिंगच नसतं. आणि त्या नुसत्या 'एक्स'मध्ये धुळीबद्दल कसलीच हमी नाही. आपल्याकडं धूळ कमी पडली का?

माझं म्हणणं सरळ आहे. नेकबँड घ्या. बॅटरी मोठी, डबीची भानगड नाही, निसटला तरी गळ्यातच राहतो. वाचलेले पैसे बुटात घाला.

टेकडीवरचा (संभाजीनगर)
कालची पोस्ट माझीच. पाठीमागं बोलण्यापेक्षा टॅग करायचं होतं, साहेब.

नेकबँड घालून कधी पळलात का? गोगाबाबा टेकडी चढताना तो मानेवर डावी-उजवीकडं आपटत राहतो. बेंच प्रेसला पाठ टेकली की मानेखाली दगड. आणि वायर बडपाशी जिथं शिरते तिथं तुटते म्हणजे तुटतेच. माझ्याकडचे तिन्ही तिथंच गेले. बड्सला हुक असला की कितीही उड्या मारा.

बॅटरीचं गणित पण करून बघा. सहा तासांचा बड रोज तासभर वापरला तर वर्षाला साठेक पूर्ण चार्जिंग होतात. लिथियमची बॅटरी तीनशे-पाचशे सहज काढते. मग वर्षात मेली कशी? वापरून नाही मेली. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवणाऱ्यांनी मारली.

मोंढ्यावरचा
डॅशबोर्डचं बरोबर आहे. एवढं एक मान्य. पण वर्षभर डबीत शंभर टक्क्यांवर बसून राहणं हेही बॅटरीला मारकच असतं, ते गणितात धरलं नाहीत. सोयीचं तेवढंच मोजायचं?

भरतीची तयारी (लातूर)
दादा लोकहो, भांडण नंतर करा. मी पोलीस भरतीला पळायलोय, सोळाशे मीटर. पहाटे गावाबाहेरच्या रोडवर. हजार-बाराशेत काय घेऊ? घाम लई येतो. आत्ताच्या बड्सपैकी एक बंद पडलाय.

तात्या (माजलगाव)
काहीच घेऊ नको. रोडवर कानात बोळे घालून पळायचं बंद कर आधी.

आमच्याकडं गाळपाचा हंगाम सुरू झाला की रात्रभर ऊस चालतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रेडियम नाही. गेल्या हंगामात पहाटे मी मोटरसायकलवर होतो. पुढं दोन पोरं पळायलीत, दोघांच्या कानात. मी हॉर्न मारून मारून थकलो. शेवटी हात लावला तवा एकजण असा दचकला की सरळ रोडच्या मधोमध. समोरून ट्रॉली यायलेली. ड्रायव्हरनं कशी दाबली त्यालाच माहीत. पोरगं वाचलं. त्याच्या कानातलं खाली पडलं होतं, ते मात्र आधी उचललं त्यानं.

भरतीची तयारी (लातूर)
तात्या, मग पळायचं कुठं? शाळेच्या मैदानात भंडाऱ्याचे मंडप, तालुक्याच्या क्रीडा संकुलाला कुलूप. रोडशिवाय आहे काय? आणि ट्रॉलीला दिवा नाही हा आमचा गुन्हा का?

टेकडीवरचा
एकदम बरोबर. ट्रॉलीवाल्यांना कुणी बोलायचं नाही, पोरांना अक्कल शिकवायची. त्यात ट्रॅक्टरवर टेप इतका मोठा की त्याला स्वतःचं इंजिन ऐकू येत नसेल. तिकडं गाणी चालतात, पोराच्या कानातलं तेवढं खुपतं.

तात्या (माजलगाव)
ए भाऊ, तू विद्यापीठाच्या आवारात पळणारा माणूस. दोन्ही बाजूला झाडं, गाड्या मोजक्या. तुला रात्रीचा बायपास काय कळणार? आणि ट्रॉलीवाला माझा कुणी पाहुणा नाही. दरवर्षी आम्हीच काही लोक वर्गणी काढून रेडियमच्या पट्ट्या चिकटवतो, चिखलात त्याही दिसेनाशा होतात. म्हणून कान उघडे ठेवा म्हणतोय. मेल्यावर चूक कुणाची ते कोर्टात ठरेल.

रोजची वॉकर (नांदेड)
बायकांचं पण ऐका जरा. मी रोज पहाटे एकटी चालते. एक बड कानात, दुसरा खिशात. मागून गाडी हळू झाली, कुत्रं आलं, कुणी मुद्दाम मागं मागं चालायलंय, सगळं कानालाच आधी कळतं. बऱ्याचदा तर कानात असतो त्यातही काही लावलेलं नसतं. नुसता दिसला की ओळखीचे काका थांबवून "मुलीचं कुठं जमलं का" विचारत नाहीत. एवढ्यासाठी पैसे वसूल.

आणि मुलांनो, रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा, समोरून येणारी गाडी दिसते. हे कानातल्यापेक्षा आधी शिकवायला हवं. निम्मी पोरं डाव्या बाजूनं पळताना दिसतात.

टेकडीवरचा
ताई, मान्य. पण मग उत्तर नेकबँड नाहीच! तो पण कानात बूच घालतोच ना. रोडवर पळणाऱ्यानं बोन कंडक्शन घ्यावं. गालाच्या हाडावर बसतं, कानाचं भोक मोकळं. शॉक्झ कंपनीचं ओपनरन बघा, आयपी६७, कंपनीच्या दाव्यानुसार आठ तास, दहा मिनिटांच्या चार्जवर दीड तास. त्या '६'मध्ये धुळीचाही बंदोबस्त आला, म्हणजे मोंढ्यावरच्यांचं समाधान.

मोंढ्यावरचा
हजार-बाराशे म्हणाला तो पोरगा. त्या पैशात त्याची पिशवी येईल. स्वस्तात 'बोन कंडक्शन' लिहून विकतात त्यातले कित्येक म्हणजे कानाबाहेर टांगलेले साधे स्पीकर.

पैठणगेटचा कारागीर (संभाजीनगर)
दिवसभर हेच उघडत बसतो, म्हणून बोलतो. टेबलावर येणाऱ्या बड्सपैकी बऱ्याचशांना खरं तर काहीच झालेलं नसतं. पिनांवर घामाचा थर असतो. मऊ ब्रशनं साफ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा, वाळू द्या, पुन्हा चालू. गिऱ्हाईक म्हणतं "एवढ्याचे पैसे?"

बॅटरी खरंच गेली तर गोष्ट वेगळी. बड गोंदानं बंद केलेला असतो. उघडताना कवच फुटतं, जोडल्यावर पाण्याचं रेटिंग संपलं. आत बोराच्या बीएवढा सेल, तोही तस्साच मिळेल याची खात्री नाही. नेकबँडचा सेल डाग देऊन बदलता येतो, तुटलेली वायरही सांधता येते. म्हणून टिकण्यात नेकबँड पुढं. पण टेकडीवाले म्हणतात ते वायरीचं खरंय. माझा अर्धा धंदा त्या सांध्यावरच चालतो.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंतली बॅटरी वापरणाऱ्याला बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतोय, थोडे अपवाद सोडून. फेअरफोननं २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे बड्स काढलेसुद्धा. आपल्याकडं वॉरंटीचं कार्ड वाचा, पाण्यानं झालेला बिघाड बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. डब्यावर मात्र धावणाऱ्या माणसाचा फोटो.

टेकडीवरचा
हे घ्या, तज्ज्ञसुद्धा दोन्ही डगरीवर. पण पुसून ठेवायचं हे मी पहिल्यापासून करतो, तेवढं नोंद करा.

मोंढ्यावरचा
कालच्या पोस्टमध्ये पुसण्याचा 'प' नव्हता.

तात्या (माजलगाव)
तुम्हा दोघांचं लग्न लावून द्या कुणीतरी. पोराचं उत्तर राहिलं.

भरतीची तयारी (लातूर)
हो ना! आणि तात्या, गाण्याशिवाय पाय उचलत नाही हो शेवटच्या फेरीला.

तात्या (माजलगाव)
भरतीच्या दिवशी मैदानात घालू देणार का तुला? अॅथलेटिक्सच्या स्पर्धांमध्ये सुद्धा असली यंत्रं चालत नाहीत. तिथं गाणं नसणार, मग आत्तापासून पायांना कशाला सवय लावतोस?

भरतीची तयारी (लातूर)
…हे मात्र बरोबर बोललात.

रोजची वॉकर (नांदेड)
आवाजाचं पण सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत म्हणते, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण सहज त्याच्या वर जातो. भरतीला वैद्यकीय तपासणी पण असते, विसरू नकोस.

मोंढ्यावरचा
पोरा, ऐक. रोडवर पळशील तोवर रिकाम्या कानानं पळ. तात्यांचं ऐकायला मला जड जातंय, पण ऐक. मैदानात किंवा घरी दोरीउड्या, डिप्स मारताना ज्याला वाटेल ते घाल. तुझ्या बजेटात निदान आयपीएक्स५ चा नेकबँड बघ, आयपी५५ मिळाला तर त्याहून चांगला. आणि तो बंद पडलेला बड फेकू नकोस, आधी कारागीर म्हणतात तसं पुसून बघ.

टेकडीवरचा
नेकबँडच सांगितलात शेवटी. बरं, स्वस्तात घाम झेलायचा असेल तर ठीक आहे, तुमचं चालू द्या. वायर तुटली की पैठणगेटला पाठवा, कारागिरांचा धंदा चालला पाहिजे.

पैठणगेटचा कारागीर (संभाजीनगर)
लातूरहून पाठवू नका, कुरिअरला दुरुस्तीपेक्षा जास्त लागतील. गंजगोलाईत कुणीही डाग देऊन देईल. फक्त देताना बॅटरी फुगलेली आहे का बघा. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, तशीच घेऊन जा.

भरतीची तयारी (लातूर)
पुसला. चालू झाला 🙏 आता तात्या म्हणतात म्हणून रोडवर घालत नाही, पण चालू झाला.