गरम टकीला पंच: भरीत पार्टीत पहिला प्रयोग पेटला, आता पुढच्या रविवारी काय करू?

केळीवाला_यावल:

राम राम मंडळी. आमचा मेहुणा दोन वर्षं मेक्सिकोत ग्वादलाहाराला नोकरीला होता. दिवाळीला आला तेव्हा टकीलाच्या दोन बाटल्या घेऊन आला, ७५० मिलीच्या. मीठ चाटून, लिंबू चोखून एकेक घोट घेतला. मित्र म्हणे, "भो, याच्यापेक्षा मोहाची बरी." बाटल्या कपाटात गेल्या.

मग मेहुण्यानेच सांगितलं की तिकडे डिसेंबरात फळं आणि मसाला उकळून गरम पंच करतात. आपल्याकडे सध्या रात्री मळ्यात दात वाजतात, म्हटलं करून पाहू. गेल्या रविवारी बामणोदची वांगी आणली होती, तुराट्यांवर भाजायचं चाललं होतं. शेजारच्या चुलीवर आईचं जुनं पितळी पातेलं चढवलं. त्यात संत्र्याचा रस, लिंबू, साखर, दालचिनी, लवंगा टाकल्या आणि उकळी फुटल्यावर अख्खी बाटली उपडी केली. वाफ चुलीच्या जाळापर्यंत गेली आणि भप्पकन निळी ज्योत पातेल्यावर फिरली. झाकण टाकून विझवली, पण माझी डावी भुवई गेली. उरलं ते प्यायलो तर कडू, वर तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव. भरीत मात्र झकास झालं होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा २४ माणसं आहेत. त्यातली निम्मी घेत नाहीत, आई आणि काकूही असतील. एक बाटली शिल्लक आहे. नीट कसं करायचं? आणि घरची केळी घातली तर?

मळ्यातली_आत्या:

भाऊ, भुवई येईल परत, थोडा वेळ लागतो. पातेल्याचं आधी बघा. आतली कल्हई गेलेली असणार. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट उकळलं की ते कळकतं, ताक कळकतं तसंच. कल्हईवाला आता बोलावूनही येत नाही, तेव्हा सरळ स्टीलचं पातेलं घ्या.

मी स्वतः थेंब घेत नाही. पण आमच्याकडे दर हिवाळ्यात भरताला तीस-तीस माणसं असतात आणि पुतण्यांच्या हौसेपायी हे पाणी मी तीन वर्षं करते आहे. माझा नियम एकच: पातेलं माझं, बाटली तुमची. बाटली पातेल्यात ओतायचीच नाही. ज्याला हवी त्याने आपल्या ग्लासात घ्यावी, वरून मी गरम पाणी घालते. मेक्सिकोतही असंच चालतं म्हणे, पातेलं सगळ्या घरासाठी आणि दारू ज्याच्या त्याच्या पेल्यात. अशा पेल्याला ते 'पिकेते' घातलेला म्हणतात, म्हणजे टोचणी. विचारा मेहुण्याला.

दारूतला अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतो, पाणी नंतर. तुम्ही उकळत्यात ओतली म्हणजे जी वस्तू हवी तीच आधी उडाली, आणि जाळापाशी उडाली.

आता पाणी. गंमत म्हणजे त्यांच्या पंचात जे जे पडतं ते बहुतेक आपल्या बांधावर आहे: पेरू, ऊस, चिंच, लाल अंबाडीची बोंडं, गूळ. त्यांचा गूळ शंकूसारखा असतो, बाकी फरक नाही. तेजोकोते नावाचं एक छोटं पिवळं फळ घालतात, ते आपल्याकडे नाही. मी बोरं घालते.

२४ ग्लासांना चार लिटर पाणी. त्यात आधी गूळ, पाव किलोच्या वर मूठभर. दालचिनी बोटभर लांबीचे दोनच तुकडे. तिकडे पातळ, ठिसूळ, गोडसर सिलोनची दालचिनी वापरतात, आपल्या बाजारात बहुधा जाड सालीची तिखट मिळते, ती जास्त झाली की पाणी औषधासारखं लागतं. लवंगा आठ, मिरे दहा, आल्याचा तुकडा ठेचून. लवंगा फडक्यात बांधा, नाहीतर कोणाच्या तरी दाताखाली येते आणि मग ती चव शेवभाजीपर्यंत पुरते. दगडफूल, बाद्यान काही नको, आपल्याला काळा मसाला करायचा नाही.

मसाला पंधरा मिनिटं उकळला की सोललेल्या उसाचे उभे चिरलेले तुकडे, लिंबाएवढी चिंच कोळून, अंबाडीच्या बोंडांच्या वाळलेल्या लाल पाकळ्या मूठभर. पाणी डाळिंबी रंगावर येतं. पेरू सगळ्यात शेवटी, किलोभर, पिकायला लागलेले पण कडक, चार फाकी करून. बोट लावल्यावर दबणारा पेरू घेतलात तर विरघळून बिया वर येतात. पेरूचा वास मळ्याच्या फाटकापर्यंत गेला की उतरवा. लिंबू उकळू नका, तुमचा कडूपणा लिंबाच्या सालीचा होता. चिमूटभर मीठ घाला.

उतरवल्यावर पातेलं जाळावर परत नको. वांगी भाजून झाल्यावर तुराट्यांचा फुफाटा उरतो ना, त्यात बसवा. जेवणं उरकेपर्यंत गरम राहतं.

केळी नको! जळगाव जिल्ह्यातला माणूस कशातही केळी घालायला निघतो. शिजलं की बुळबुळीत होतं.

भुसावळ_जंक्शन:

आत्यांना दंडवत. मापाचं मी सांगतो, कारण त्यांनी ते पुतण्यांवर सोडलंय. ग्लासाला ४५ मिलीच्या वर जाऊ नका. ७५० च्या बाटलीत तसे १६ ग्लास होतात. गरम आणि गोड असल्यामुळे घशाला लागत नाही, चहासारखं पटापट जातं आणि तासाभराने उठताना कळतं.

बाटलीवर काय लिहिलंय तेही बघा. 'रेपोसादो' म्हणजे ओकच्या लाकडात दोन महिने ते वर्षभर मुरलेली, ती गूळ-दालचिनीबरोबर छान बसते. 'ब्लांको' पांढरी, तिला हिरवट धार असते, ती थंड सरबतातच बरी. आणि '१०० टक्के आगावे' (टकीला ज्या झाडापासून काढतात ते) नसेल तर त्यात निम्म्यापर्यंत दुसरी साखर आंबवलेली असू शकते. नियमाने आगावे ५१ टक्के पुरते.

चोपड्याचा_गडी:

आगावे म्हणजे आपला घायपातच की हो! तोच नाही, पण भाऊबंद. त्यांचा निळसर असतो, खालचा कंद भाजून, रस काढून आंबवतात. आमच्या आजोबांनी बांधाला लावला होता, त्याचे दोर वळायचे. कोणी घरी प्रयोग करायला जाऊ नका. लहानपणी पात तोडली होती, चीक लागून दोन दिवस हात खाजवत बसलो. दोर वळा.

नंदुरबारी:

दोन गोष्टी, भाषण नाही. पाजणाऱ्याने परवाना काढावा, एका दिवसाचा मिळतो, आणि २५ च्या आतल्या पोरांना पातेल्यातलंच द्यावं. दुसरं, सुरतचे पाहुणे असतील तर प्रेमाने उरलेली बाटली गाडीत ठेवू नका. नवापूर ओलांडलं की दारूबंदी. आमच्या भाच्याची रात्र चौकीत गेली आहे. जाताना गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा, त्याला टोचणी नाही.

केळीवाला_यावल:

झाला रविवार. बाटली निघाली रेपोसादो. पातेलं फुफाट्यात ठेवलं, साडेअकरापर्यंत हात शेकत होतो. पेरू थोडे जास्त शिजले, कारण मी वांगी सोलत बसलो. आठ जणांनीच टोचणी घेतली, बाटली संपलीही नाही. मोहाची बरी म्हणणारा तीन ग्लास प्यायला आणि मग मुक्कामालाच राहिला. आईने बिनटोचणीचे दोन घेतले, आता हळदीकुंकवाला करायचं म्हणते.

आत्या, एक विचारायचं राहिलं. खालचा चोथा, पेरू नि ऊस, सकाळी गाईला घातला. आवडीने खाल्ला तिने. चालतो ना?

मळ्यातली_आत्या:

बाटली पातेल्यात नव्हती, मग थोडा चालतो. लवंगांचं फडकं काढलं होतं ना आधी?

केळीवाला_यावल:

थांबा, बघून येतो.