मदत हवी आहे: कॉर्टाकीच्या भुताचा ड्रम कशावर वाजवावा?

मंडळी, स्कॉटलंडच्या अँगस भागातल्या कॉर्टाकी किल्ल्याची दंतकथा ऑडिओसाठी करायची आहे. किल्ला ओगिल्वी घराण्याचा, म्हणजे एअर्लीच्या अर्लांचा (अर्ल ही तिकडची सरदारकीची पदवी). कथा अशी की, एका ड्रमवाल्याला त्याच्याच ड्रममध्ये कोंबून बुरुजावरून फेकलं. तेव्हापासून घराण्यात मृत्यू व्हायचा असला की ड्रम ऐकू येतो.

मुख्य प्रसंग 1844 चा घेतलाय. पाहुणी आलेली मिस डॅलरिंपल जेवणासाठी तयार होताना खिडकीखाली ड्रम ऐकते आणि टेबलावर सहज विचारते, "तुमचा ड्रमवाला कोण?" अर्लचा चेहरा पांढराफटक. 1845 मध्ये अर्लच्या पत्नी लेडी एअर्ली वारल्या.

अडलंय ते आवाजापाशी. तो लष्करी साइड ड्रम: लाकडी पिंप, दोन्ही तोंडांना कातडं, दोऱ्यांचा ताण, खालच्या कातड्यावर आतड्याच्या तारा. तारांमुळेच तो खरखरतो. ताशा फार कडक वाजतो, लगेच मिरवणूक आठवते. ढोलाचा घुमारा जास्त. बँडवाल्यांचा स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला आजचा ड्रम, जवळचा, पण प्लॅस्टिकच्या तोंडामुळे चकचकीत वाटतो. तारा सैल करून वर काळं कापड टाकलं, तर लष्करी अंत्ययात्रेतल्यासारखा दबका होतो, पण मग रोलमधले, म्हणजे सलग भराभर वाजवलेले, ठोके एकमेकांत मिसळतात.

कापड अर्ध्याच भागावर टाकावं का? माइक खालच्या तोंडाशी की खोलीच्या दाराबाहेर? चामड्याचा जुना साइड ड्रम पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतो का?

आणखी एक. 1900 मध्ये तेव्हाचे अर्ल दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात डायमंड हिलच्या लढाईत मारले गेले, तेव्हा ड्रम वाजल्याचं सांगत नाहीत. हे निवेदनात ठेवावं असं माझं मत, तुमचं?